लसणाच्या तेलाने कानातली शिट्टी थांबत नाही

ज्याच्या कानात शिट्टी वाजते त्याच्या फोनवर एक फॉरवर्ड हमखास येऊन पडतो. मला तो मावशीने पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि शाळेतल्या एका मित्राने ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून वेगळा धाडला. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. कानात आवाज येतो म्हणजे कानाची नस कोरडी पडली आहे. मोहरीच्या तेलात लसूण उकळून ते कोमट तेल रोज रात्री कानात सोडा. सकाळी तळव्यांनी कान झाका आणि डोक्याच्या मागे बोटांनी पन्नास टिचक्या मारा. जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या घ्या, चहा-कॉफी तोडा, रात्री अगदी शांत खोलीत झोपा. एकवीस दिवसांत आवाज मुळापासून जातो. आणि शेवटी ठरलेली ओळ: कानाचे डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांना ऐकण्याचं मशीन विकायचं असतं.

पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण माझे दोन्ही कान बरीच वर्षं वाजतायत, रातकिड्यांसारखे, बारीक आणि अखंड. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं, तपासून घेतलं, त्याच्याशी या मजकुरातलं फारच थोडं जुळतं.

‘नस कोरडी पडते’ इथपासूनच गडबड आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया असतो. तो द्रवाने भरलेला असतो आणि त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. वाढतं वय, मोठे आवाज, जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स, कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन यांनी या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. (ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसने वाजू लागलेला कान बहुधा डोस कमी केल्यावर शांत होतो. पण कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.) ज्या पट्टीतल्या पेशी गेल्या, त्या पट्टीतली खबर मेंदूला मिळेनाशी होते. मग दूरचं स्टेशन लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवत जावं आणि खरखरच मोठी व्हावी, तसं काहीसं मेंदूत होतं, असं आज बहुतेक संशोधक मानतात. ऐकण्याची चाचणी नॉर्मल आलेल्यांनाही हा त्रास होतो, कारण नेहमीच्या चाचणीत सगळंच पकडलं जात नाही.

सगळा दोष कानाच्या नसेत असता, तर ती नस कापल्यावर आवाज थांबायला हवा होता. श्रवणनाडीवरच्या, म्हणजे याच नसेवरच्या, गाठी काढताना काही रुग्णांची ही नाडी कापावी लागते. त्यातल्या अनेकांचा तो कान पूर्ण बहिरा झाल्यावरही आतली शिट्टी चालूच राहते, काहींची तर वाढते.

आता तेल. बाहेरचा कान आणि आतला भाग यांच्यामध्ये पडदा आहे. पडदा शाबूत असेल तर कानात सोडलेला थेंब कॉक्लियापर्यंत पोचतच नाही, मग तो लसणाचा असो की केशराचा. पडद्याला भोक असेल तर पोचू शकतो, आणि तीच खरी धोक्याची गोष्ट. कच्च्या लसणाने कातडी भाजते, तापलेल्या तेलाने कानाची नळी पोळते, आणि वाहत्या कानात तेल गेलं की बुरशीची सोय होते. मग ‘आमच्या काकांना गुण आला’ हे खोटं का? नसेलही. मळाचा दट्ट्या बसला की कान वाजू शकतो, आणि तेलाने मळ मऊ होऊन सुटतो. अशा वेळी साधं तेलही तेच काम करतं, त्यात लसणाचं काही कर्तृत्व नाही. पण कान वाजतोय तो मळामुळे की आणखी कशामुळे, हे आत बघितल्याशिवाय कसं कळणार?

इथे कोणी म्हणेल, आयुर्वेदात कर्णपूरण, म्हणजे कानात तेल भरणं, सांगितलंय. सांगितलंय. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजलेत आणि कर्णनाद, म्हणजे कान वाजणं, त्यात वेगळा धरलाय. पण बरा वैद्य आधी नाडी बघतो, कान बघतो, कान वाहतोय का विचारतो. फॉरवर्ड काहीच न विचारता सगळ्यांच्या कानात तेल ओततो. तेलाचा मोह तसा जुनाच आहे. संगीतकार बेथोव्हेनने 1801 साली मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस गुणगुणतात अशी व्यथा मांडली आहे, आणि डॉक्टरांनी बदामाचं तेल देऊनही ऐकणं बिघडतच गेलं हेही त्याच पत्रात लिहिलंय.

टिचक्यांचा उपाय मात्र मजेशीर आहे, कारण तो काही जणांवर चालतो. काही सेकंद, फार तर मिनिटभर. बाहेरचा एखादा आवाज थोडा वेळ ऐकून थांबला की आतली शिट्टी क्षणभर दबते, हे 1970च्या दशकापासून नोंदलेलं आहे. जबडा आवळून किंवा मान वळवूनही कित्येकांच्या आवाजाची पट्टी बदलते. करून बघायला हरकत नाही, नुकसान काही नाही. पण टिचक्यांचा व्हिडिओ त्या पहिल्याच मिनिटात संपतो आणि माणसाला वाटतं बरा झालो.

जिन्कोबद्दल शंकेला फार जागा उरलेली नाही. ब्रिटनमध्ये 1100 हून अधिक लोकांवर झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवडे गोळ्या दिल्या. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2022च्या आढाव्यात 12 चाचण्या पुन्हा एकत्र तपासल्या, निष्कर्ष जवळपास तोच. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2014च्या मार्गदर्शिकेत तर जिन्को, मेलाटोनिन, झिंक यांची शिफारस करू नका असं सरळ लिहिलंय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जिन्कोपासून लांबच राहावं.

चहा-कॉफीवाल्यांना दिलासा. कॅफीन तोडल्याने आवाज कमी होतो का, हे ब्रिटनमध्ये रीतसर तपासलं गेलं. आवाजात फरक पडला नाही, डोकेदुखी मात्र झाली. ज्याला कॉफीने झोप येत नाही त्याने संध्याकाळी घेऊ नये, इतकंच. मिठाचं पथ्यही कोणी सुचवतं, पण ते मेनिअर या चक्कर आणणाऱ्या कानाच्या वेगळ्या आजारात सांगतात. प्रत्येक वाजणाऱ्या कानाला ते लागू नाही.

‘पूर्ण शांततेत झोपा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. शिट्टीपुरतं बोलायचं तर तेल नुसतं निरुपयोगी आहे, हा सल्ला उलटा आहे. 1953 साली अमेरिकेत चांगलं ऐकू येणाऱ्या 80 लोकांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर काही मिनिटांतच त्यातल्या 94 टक्क्यांना कसले ना कसले आवाज ऐकू आले. शांतता कोणाचाही कान वाजवते. ज्याचा आधीच वाजतो त्याचं तर विचारू नका. रात्री साडेबाराला सगळी बिल्डिंग झोपली की माझे रातकिडे रंगात येतात. त्यावर पंखा, हळू लावलेला रेडिओ, फोनवरचा पावसाचा आवाज हे खरे सोबती. हा आवाज शिट्टीपेक्षा थोडा खालीच ठेवायचा, ती पुरती बुडवायची नाही. दोन्ही एकत्र कानावर पडत राहिले की मेंदू हळूहळू शिट्टीकडे दुर्लक्ष करायला लागतो.

कानात बोळे घालायचे ते ढोल-ताशाच्या पथकासमोर, डीजेच्या भिंतीपुढे, प्रेस आणि कारखान्यात. तिथे जरूर घाला. सरकारी नियमात निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल लिहिलंय. मिरवणुकीत उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पण घरात दिवसभर बोळे घालून बसलात तर साधे आवाजही टोचायला लागतात.

एकवीस दिवसांचा आकडा कुठून आला देव जाणे. काही जणांचा आवाज खरंच आपोआप जातो, विशेषतः एखाद्या मोठ्या आवाजाच्या रात्रीनंतर आलेला, आणि त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे केलं त्याला मिळतं. ज्यांचा राहतो त्यांच्याबाबतीत ‘बंद झाला का?’ हा प्रश्नच फसवा आहे. पुराव्यानिशी टिकलेला उपाय म्हणजे सीबीटी, म्हणजे त्रास वाढवणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत. कॉक्रेनने 2020 साली 28 अभ्यास आणि 2733 लोकांची माहिती तपासली, तेव्हा त्रास कमी होतो असं दिसलं. सहा महिन्यांनी, वर्षाने काय होतं याचा पुरावा अजून तोकडा आहे, हेही त्यांनीच लिहिलं. आवाज तोच राहूनही झोप परत येते, जेवताना त्याची आठवण राहत नाही, फोनवर बोलताना तो मधे येत नाही. ज्याने हे अनुभवलंय त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

राहिला डॉक्टरांवरचा आरोप. ऐकणं कमी झालं असेल तर मशीनने बाहेरचे आवाज परत येतात आणि बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते. ऐकणं व्यवस्थित असताना कोणी मशीन गळ्यात मारत असेल तर दुसऱ्याचं मत घ्या. फुकट तपासणीच्या पाट्या लावलेल्या दुकानांत हे होतं. मुंबईत बांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग ही केंद्र सरकारची श्रवण-वाचा संस्था आहे, तिथे चाचणी होते. लपवालपवीचं म्हणाल तर जगात दर शंभर प्रौढांमागे साधारण चौदा जणांना हा आवाज कधी ना कधी येतो आणि दोघांना तीव्र त्रास असतो, असा अंदाज 2022 साली छापून आलाय. इतक्या लोकांचं औषध कोणाला सापडलं असतं तर त्याने ते विकलं असतं, लपवलं नसतं.

डॉक्टरांचा खरा दोष वेगळा आहे. दोन मिनिटांत ‘याला काही उपाय नाही, सवय करा’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारणं. त्या वाक्याने बाहेर पडलेला माणूसच रात्री लसूण सोलायला बसतो.

आणि फॉरवर्डमध्ये जे असायला हवं होतं ते नेमकं नाही. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर ईएनटीला दाखवून घ्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकूच येईनासं झालं असेल तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्यावर स्टेरॉइड देतात, त्याचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो आणि जितकं लवकर तितका जास्त. त्या दिवशी तेल गरम करू नका, रिक्षा बोलवा.