‘हातोडा पडला की घर आपलं’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘लिलावात घर घ्या. हातोडा पडला की मूळ मालकाचा हक्क संपला. विकणारी बँक, म्हणजे कागद साफ. पंधरवड्यात किल्ली हातात.’ आमच्या घरातलेच लोक तो पुढे पाठवताहेत, म्हणून लिहायला बसलो.

‘हक्क संपला’. लिलाव कुणाचा, ते आधी बघा. बँक सरफेसी कायद्याखाली (कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) विकत असेल, तर 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच कर्जदाराला गहाण सोडवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये तेच सांगितलं. तरीही बँकेची कारवाई चुकीची म्हणून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. निकाल लागेपर्यंत तुमचे पैसे अडकलेले.

कोर्टाच्या हुकूमनाम्यावरचा लिलाव मात्र वेगळा. तिथं विक्रीनंतरही 60 दिवसांत देणेकऱ्यानं वसुलीची रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या 5 टक्के भरले, की विक्री रद्द होते. माझ्या मावसभावानं वडगावात असंच घर घेतलं. उत्साहाच्या भरात खानापूरच्या सुताराला सागवानी दारं सांगितली. बावन्नाव्या दिवशी मालकानं पैसे भरले. भावाला रक्कम मिळाली, वर 5 टक्केही मिळाले. पण हातउसन्या पैशांचं व्याज आणि बंगळूर-बेळगाव फेऱ्यांतच ते संपले. दारं अजून पडवीत भिंतीला टेकून आहेत. विक्री कायम होईपर्यंत त्या घरावर एक रुपयाही घालू नका.

‘कागद साफ’. नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिलेलं असतं. म्हणजे थकलेली घरपट्टी तुमच्या गळ्यात येऊ शकते. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, जुनी बाकीही नवी जोडणी देताना मागितली जाऊ शकते. उतारा कानडीत असतो. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून ओळीओळीनं वाचून घ्या.

पैशांचंही तसंच. बँकेच्या लिलावात 25 टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली नाही आणि गृहकर्ज लांबलं, तर भरलेली रक्कम जप्त.

‘पंधरवड्यात किल्ली’. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’, म्हणजे नुसता कागदोपत्री ताबा, असेल, तर आत माणसं राहत असण्याची शक्यता मोठी. त्यांना बाहेर काढायला बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. बोलीआधी एका संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन या. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत असतील, तर बँकेकडून प्रत्यक्ष ताब्याची तारीख लेखी घ्या. ती देत नसतील, तर अनामत भरू नका.