रेगे जमैकाचं, बोली वॅलेन्सियाची

“ठेका जमैकाचा, गिटार इलेक्ट्रिक, आणि म्हणे स्थानिक संस्कृतीचा लढा! त्यापेक्षा गावची लोकगीतं गावीत ना.” चहा यायच्या आधीच मंदारनं निकाल लावून टाकला.

विषय शलाकाचा. सध्या ती आउक्सिली नावाच्या बँडच्या नादात आहे, आणि त्यांचं गाणं म्हणजे स्थानिक संस्कृतीचा लढा, असं तिचं म्हणणं. स्पेनच्या वॅलेन्सिया प्रांतात, समुद्रापासून आत, ओन्तिन्येंत नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांनी २००५ मध्ये हा बँड काढला आणि रेगे गायले ते कॅटलानच्या वॅलेन्सियन बोलीत.

“गावचं वाजतंच की त्यात,” शलाका म्हणाली. “त्यांच्याआधीचा ओब्रिंत पास ऐक, १९९३ चा. स्का, म्हणजे रेगेच्या आधीचा जमैकन ठेका, आणि रेगेच्या मधोमध दोल्साइना घुसते. आपल्या सनईसारखंच दुहेरी पत्तीचं वाद्य, जत्रेच्या मिरवणुकीत वाजणारं. आणि जमैकात तरी पुस्तकी इंग्रजीत गातात का? तिथेही पाट्वाच. घरच्या बोलीत गायचं हे रेगेच्या रक्तातच आहे.”

“फॅशन गं. तिकडच्याच बेनिकासिमला रोटोटॉम सनस्प्लॅश भरतो, केवढा मोठा रेगे महोत्सव. त्याची हवा लागली पोरांना.”

“तो इटलीतून तिथे आला २०१० मध्ये. ही मंडळी आधीपासून गातायत.”

मंदार गप्प बसला, तर काका सरसावले. “या भाषेला दाबणारा हुकूमशहा फ्रँको १९७५ लाच गेला ना? मग आता भांडण कुणाशी?”

पण भांडण संपलं नव्हतं. शाळेत ही भाषा १९८३ च्या कायद्यानं आली, १९८९ ला तिची सरकारी वाहिनीही आली, कनाल नोउ. २०१३ च्या नोव्हेंबरात प्रांतिक सरकारनंच ती परवडत नाही म्हणून बंद केली. कर्मचारी स्टुडिओत ठाण मांडून प्रक्षेपण चालवत राहिले. शेवटी पोलीस आत आले आणि दुपारी बाराच्या सुमारास पडदा काळा झाला. नवी वाहिनी यायला २०१८ उजाडलं. मधली चार-पाच वर्षं तिथल्या पोरांनी आपली बोली मोठ्या आवाजात ऐकली असेल, तर ती बरीचशी गावजत्रांतल्या स्टेजवरूनच.

(वॅलेन्सियन म्हणजे कॅटलानच, असं म्हटलं की तिथले काही लोक भडकतात. त्यांच्या भाषा अकादमीनं २००५ मध्ये ही एकच भाषा असल्याचं सांगून झालंय. आम्ही त्या वादात पडलो नाही, मराठी माणसाला घरचे असले वाद पुरेसे आहेत.)

माझं म्हणाल तर मुठी वळून गायलेली गाणी मला कंटाळवाणी वाटतात. १७०७ मध्ये आल्मान्साच्या लढाईत वॅलेन्सिया हरलं आणि त्याचे स्वतःचे कायदे गेले, त्या पराभवाची आठवण म्हणून २५ एप्रिलच्या आसपास तिथे मोर्चे आणि मैफली होतात. तिथे येणाऱ्यांना सगळं आधीच पटलेलं असतं. मला भावतो तो हट्ट वेगळा. कॅटलान गाण्यांची मोठी बाजारपेठ बार्सिलोनाची. तिथे ‘मी गातो’ला ‘कांतू’ म्हणतात, हे वॅलेन्सियाचे गायक ‘कान्ते’ म्हणतात आणि रेकॉर्डवरही तसंच ठेवतात. म्हणजे माद्रिदच्या स्पॅनिशपुढे वाकायचं नाही आणि बार्सिलोनाच्या प्रमाणभाषेपुढेही नाही. गाणं प्रेमभंगाचं असलं तरी हा हट्ट त्यात असतोच.

“एवढं कोण घाबरतं गाण्याला?” मंदार म्हणाला.

शलाकानं तिकडच्याच बोरियाना गावाचं उदाहरण काढलं. २०२३ मध्ये तिथल्या नगरपालिकेत संस्कृती खातं उजव्या वोक्स पक्षाकडे गेलं आणि गावच्या वाचनालयात येणारी या भाषेतली मासिकं बंद झाली. त्यात संगीताचं ‘एन्देरॉक’ होतं आणि लहान मुलांचं ‘कामाकुक’सुद्धा.

“मुलांच्या मासिकानं काय घोडं मारलं होतं?” काका खरंच चिडले.

“आणि २०२५ मध्ये पालकांनाच विचारलं, मुलांना मुख्यतः कुठल्या भाषेत शिकवायचं. निम्म्याहून किंचित जास्त मतं वॅलेन्सियनला पडली.”

“म्हणजे जवळपास निम्म्यांना नकोच आहे,” मंदार म्हणाला. “आणि जेमतेम जिंकले तेही गाण्यांमुळे, असं काही सांगू नकोस.”

ते शलाकाही म्हणत नव्हती.