हॉटेलचं बिल आणि दिंडोरी नाका

सोसायटीच्या ग्रुपवर न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलचा जुना व्हिडिओ परत फिरतोय. स्थलांतरितांना सरकारी पैशाने हॉटेलात ठेवलं म्हणून सगळ्यांनी त्या माणसांवर तोंडसुख घेतलं. मला ते अजिबात पटलेलं नाही.

खर्च अफाट झाला, हे खरं. २०२२ पासून त्या शहरात दोन लाखांहून जास्त माणसं आली. खोलीचं भाडं रात्रीला १५० डॉलरच्या आसपास, आणि जेवण, सुरक्षा वगैरे धरून एका कुटुंबाचा दिवसाचा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त. मागेल त्याला छप्पर द्यायचं, हे १९८१ च्या कोर्टातल्या तडजोडीने त्या शहरावर बंधनकारक आहे. पण तेवढ्या जागा तयार नव्हत्या, मग मिळेल त्या भावाने हॉटेलं घ्यावी लागली. त्यातही आश्रय मागणाऱ्याला अर्ज केल्यापासून सुमारे सहा महिने कामाचा परवाना मिळत नाही. हात चालवायला तयार असलेला माणूस बसवून ठेवला तर बिल फुगणारच. त्यात त्याचा काय दोष?

आता आपल्याकडे, नाशिकला बघा. पेठ-सुरगाणा तालुक्यांतली माणसं द्राक्षाच्या कामाला, बांधकामाला येतात. 'जगायला आलो' म्हणतात. गेल्या जानेवारीत पहाटे पाचला दिंडोरी नाक्याजवळ एक बाई बंद दुकानाच्या ओट्यावर तीन विटांची चूल मांडून भाकरी थापत होती. दोन पोरं खताच्या रिकाम्या गोण्या पांघरून झोपलेली. चपला उशाखाली, चोरीला जातात म्हणून. मी विचारलं, रात्री थंडी नाही का वाजत? म्हणाली, "थंडीचं काय नाही ताई, कामावर गेल्यावर गाठोडं कुठं ठेवायचं, तेवढंच बघा." त्या आठवड्यात निफाडला पारा किती उतरला होता, ते द्राक्षवाल्यांना विचारा.

सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की शहरात दर लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा, बारा महिने चालणारा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजार. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जवळपास दीड हजार जणांची सोय. आज शहर त्याहून कितीतरी वाढलंय.

लॉकडाऊनमध्ये आपण हे भोगलंय. मुंबईकडून चालत निघालेल्यांना कसारा घाटाच्या आसपास अडवून इथे ठेवावं लागलं, आणि १ मे २०२० च्या रात्री त्यांच्यासाठी नाशिक रोडहून भोपाळची गाडी सुटली. सगळी धावपळ ऐनवेळी झाली.

सिंहस्थाच्या कामांना आता हजारो मजूर लागणार. रस्ते, घाट, साधुग्रामचा पैसा मंजूर होताना त्यात पंचवटी आणि नाशिक रोडला दोन पक्के निवारे धरा. कुलपाची कपाटं, बायकांसाठी वेगळा हॉल, गरम पाणी, आणि शक्य असेल त्याच्याकडून माफक भाडं. ते लोक द्यायला तयार आहेत, मी विचारलंय.

या मागणीचा अर्ज सोमवारी विभागीय कार्यालयात देणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी खाली सांगा. पंचवटीत महापालिकेची एखादी रिकामी इमारत माहीत असेल तर तेही लिहा, अर्जात घालते.