दिसण्याची अट कुणी आणि कशी मोजायची?

‘कलाकार आपला चेहरा, केस, वजन व शरीरयष्टी यांत निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही बदल करणार नाही. असा बदल झाल्याचे निर्मात्याचे मत झाल्यास करार विनासूचना रद्द करता येईल.’

माझ्या भाचीच्या करारातलं हे कलम. साताऱ्याजवळ चित्रीकरण चालणाऱ्या एका मालिकेत तिला घरातल्या धाकट्या सुनेची भूमिका मिळाली आणि सही करण्याआधी तिनं कराराच्या पानांचे फोटो सांगलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर टाकले. तेव्हापासून तिथे वाद पेटलाय. मी लॉस एंजेलिसजवळ राहते आणि चित्रपट-मालिकांच्या युनिटचे पगार काढणाऱ्या कचेरीत काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढलं जातंय.

भाऊजींचं म्हणणं सरळ आहे. पैसे घ्यायचे तर अटी पाळायच्या; पोलीस भरतीत छाती मोजतात, तेव्हा कुणी तक्रार करतं का? दुसरीकडे चुलतभाऊ म्हणतो, हे सगळं आपल्याकडेच चालतं, अमेरिकेत असलं कलम कुणी घातलं तर कोर्टात खेचतील.

मला दोन्ही पटत नाही. आधी भाऊजींचं बघू. भरतीतला छातीचा आकडा जाहिरातीत छापलेला असतो, तो सगळ्यांना सारखा असतो आणि टेप लावून मोजला जातो. इथे आकडाच नाही. ‘निर्मात्याचे मत’ हीच टेप. उद्या टीआरपी घसरला, चॅनेलला दुसरा चेहरा हवासा वाटला, तर मुलीचं वजन वाढल्याचं ‘मत’ व्हायला किती वेळ लागतो? माझा सगळा आक्षेप त्या एका शब्दावर आहे. अट असायला माझी हरकत नाही.

कारण अटीमागं कामाची गरज असते, हे मी रोज बघते. मालिकेतले प्रसंग क्रमानं चित्रित होत नाहीत. दारातून बाहेर पडतानाचा शॉट सोमवारी आणि त्याच दाराबाहेरचा पुढचा शॉट पंधरा दिवसांनी, असंही होतं. मधे कलाकारानं केस कापले तर उंबरा ओलांडता ओलांडता तिचे केस वीतभर आखडतात. म्हणून सेटवर दर प्रसंगानंतर फोटो काढून ठेवतात: टिकली केवढी, बट कुठली, बांगड्या किती. केस कापू नकोस, भुवया बदलू नकोस, दिसेल अशा जागी गोंदवू नकोस, हे सांगण्याचा हक्क निर्मात्याला आहेच.

आता चुलतभावाचं. अमेरिकेत असली कलमं सर्रास असतात. पूर्वी तर स्टुडिओच कलाकाराचं ताट ठरवायचे. हॉलिवूडची अभिनेत्री जुडी गारलंड हिला किशोरवयात स्टुडिओनं सूप, काळी कॉफी आणि गोळ्यांवर ठेवलं होतं. गोळ्यांनी तिचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. अलीकडचं बघायचं तर अटलांटिक सिटीतल्या एका कसिनोनं पेयं वाढणाऱ्या मुलींना अट घातली होती, की कामावर घेतानाच्या वजनात सात टक्क्यांपेक्षा जास्त वाढ चालणार नाही. बावीस जणी कोर्टात गेल्या. २०१३ साली न्यायाधीशांनी कसिनोच्या बाजूनं कौल दिला; मुलींनी अट माहीत असून सह्या केल्या होत्या, हा मुद्दा त्यात होता. २०१५ साली अपिलातही वजनाची अट टिकली. फक्त ती राबवताना काही जणींचा छळ झाला का, एवढा प्रश्न पुढे चालवायला परवानगी मिळाली. न्यूयॉर्क शहरानं वजन आणि उंचीवरून भेदभाव करायला बंदी घातली ती २०२३ साली. मिशिगनमध्ये १९७६ पासून तसा कायदा आहे. पण बहुतेक राज्यांत आजही नाही. तेव्हा परदेश म्हणजे रामराज्य, हे डोक्यातून काढून टाकावं.

मग इकडे वेगळं काय आहे? भांडलेल्या माणसांच्या नोंदी आहेत. ‘मेलरोज प्लेस’ या मालिकेत हंटर टायलो या अभिनेत्रीला १९९६ साली नवऱ्यांना भुरळ घालणाऱ्या बाईची भूमिका मिळाली होती. तिनं गरोदर असल्याचं कळवलं आणि चित्रीकरण सुरू होण्याआधीच तिला काढून टाकलं. तिच्या करारातही ‘दिसण्यात मोठा बदल’ झाला तर करार मोडण्याचं कलम होतं, आणि पोट दिसणार म्हणजे बदल होणार, असा निर्मात्यांचा युक्तिवाद होता. खटला उभा राहिला तेव्हा ती पुन्हा गरोदर होती, आठवा महिना चालू होता, आणि तशीच ती ज्युरीसमोर बसली. १९९७ च्या डिसेंबरमध्ये ज्युरीनं तिला सुमारे ४९ लाख डॉलर भरपाई दिली. दिसण्याचं कलम गरोदरपणाला लावता येत नाही, हे इथल्या निर्मात्यांना त्या आकड्यानं शिकवलं.

आणि ही अक्कल भारताला परदेशातून आणायला नको. एअर इंडियाच्या नियमानुसार हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागायची. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो नियम १९८१ सालीच रद्द केला; टायलोच्या निकालाआधी सोळा वर्षं. फरक एवढाच, की हवाई सुंदरी पगारी नोकर होत्या. मालिकेतली मुलगी रोजावर असते. तिचे पैसेही अनेकदा नव्वद दिवसांनी हातात येतात. प्रसूती रजेचा कायदा तिच्यापर्यंत पोचता पोचता दमतो. २०२० च्या कामगार संहितांमध्ये टीव्ही आणि वेबमालिकांच्या कामगारांचा उल्लेख आला, लेखी कराराची गोष्ट आली, हे चांगलंच झालं. पण करारात काय लिहू नये, हे कुणी तरी मांडून भांडल्याशिवाय ठरणार नाही.

इकडची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्यासमोर रोज येणाऱ्या हजेरीपत्रकात कलाकारांच्या युनियनच्या करारानुसार एक जादाचा रकाना असतो. गर्दीत उभ्या राहणाऱ्या, एकही वाक्य नसलेल्या माणसाला पूर्ण वाढलेली दाढी घेऊन यायला सांगितलं किंवा त्याच्या अंगाला मेकअप लावला, तर त्या दिवसाच्या मजुरीवर थोडी जादा रक्कम द्यावी लागते. रक्कम किरकोळ असते. पण त्यामागचं तत्त्व मोठं आहे: माझं शरीर तुझ्या कामासाठी अमुक प्रकारे ठेवायचं असेल तर तो खर्च तुझा. भाचीच्या करारात याच्या उलट आहे. जिम, पार्लर, त्वचेचे उपचार, सगळं तिच्या खिशातून. दिवसाला बारा-बारा तास काम, जेवण युनिटच्या कॅटररचं, मुक्काम लॉजवर, आणि वर ‘शरीरयष्टी राख’. ती कधी आणि कशी राखायची?

ग्रुपवर मावशीनं शेवटचं अस्त्र काढलं: प्रेक्षकांना सुंदर चेहराच हवा असतो, त्याला निर्माता तरी काय करणार? हे निदान सांगलीत बसून म्हणू नये. नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे वय वाढलं, अंग सुटलं, तरी पन्नाशी उलटल्यावरही ते नायिकाच रंगवत होते आणि माणसं ऐकायला येत होती. रंगमंचावर कोण उभं आहे ते त्यांना दिसत होतंच. सूर लागला की ते मनानं सिंधू किंवा भामिनी बघत होते. त्याच जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या तमासगीर भावांचं बघा. दोघांची तोंडं हुबेहूब सारखी, तेच त्यांच्या वगाचं भांडवल. म्हातारपणी सुरकुत्या आल्या म्हणून काही लोकांनी तंबूकडे पाठ फिरवली नाही.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९१३ साली भागीदारीत काढलेली गंधर्व नाटक मंडळी पुढे बालगंधर्वांच्या एकट्याच्या मालकीची झाली. मालकाचं अंग सुटलं म्हणून मालकाला कोण काढणार? काळू-बाळूंचाही फड स्वतःचा. ज्याच्या हातात करार असतो, त्याच्या शरीराला कलम लागत नाही. आमीर खाननं एका चित्रपटासाठी भरपूर वजन वाढवलं, मग उतरवलं, त्याचं कौतुक झालं. ते त्याचं स्वतःचं ठरवणं होतं आणि निर्माताही तोच होता. धाकट्या सुनेच्या भूमिकेतल्या तेवीस वर्षांच्या मुलीला हे लागू होत नाही. म्हणूनच तिच्या बाबतीत कागदावर काय लिहिलंय याला एवढं महत्त्व.

आता तर शरीराचाच प्रश्न बदलतोय. २०२३ साली इथले अभिनेते ११८ दिवस संपावर होते. त्यातल्या मोठ्या मागण्यांपैकी एक अशी, की आमचा चेहरा-देह संगणकात उतरवून वापरणार असाल तर आमची संमती आणि मोबदला हवा. ते त्यांनी करारात लिहून घेतलं. मराठीत याची सुरुवात व्हायला फार वेळ लागणार नाही. भाचीच्या करारात ‘सर्व ज्ञात व भविष्यातील माध्यमांत’ असे शब्द आहेतच, आणि त्यांच्याकडे ग्रुपवर एकानंही बोट दाखवलं नाही.

मी तिला चार बदल सुचवले. ‘मत’ हा शब्द काढून काय बदलायचं नाही त्याची यादी द्या. वजनाबद्दल तक्रार असेल तर लेखी सांगा, मुदत द्या आणि डॉक्टरचा सल्ला घ्या. जिम-पार्लरचा खर्च युनिटनं उचलावा. आजारपण आणि गरोदरपण या कलमातून वगळा. ती ही मागणी घेऊन साताऱ्याला गेली, याचा मला फार अभिमान वाटतो. नव्या मुलीला ते सोपं नसतं.

केस, भुवया आणि गोंदणाची यादी त्यांनी मान्य केली. वजनासाठी महिन्याची मुदत दिली. पार्लरचा खर्च निम्मा. डॉक्टरचा विषय त्यांनी उडवून लावला. गरोदरपणाबद्दल मात्र लिहून द्यायला तयार नाहीत. तोंडी शब्द देतो म्हणतात, आपण सगळे घरचेच आहोत म्हणतात. भाऊजी म्हणाले, एवढं मिळालं, आता सही कर. मी तिला कळवलंय, की तो शब्द निदान ईमेलवर मागून घे, आणि तो आल्याशिवाय शेवटच्या पानावर सही करू नकोस.