वाऱ्यात हरीण उठतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या हरणांच्या शिकारीवरच्या माझ्या लेखात ‘वाऱ्याच्या दिवशीही रानात जा’ असं एक वाक्य होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली.

‘वारा सुटला की हरीण जागचं हलत नाही, हे पेन्सिल्व्हेनियातलं शेंबडं पोरही सांगेल. लोकांना अशा दिवशी रानात पाठवून तुम्ही त्यांची सुट्टी फुकट घालवताय, ते वाक्य काढा,’ असं तुम्ही लिहिलंत. रोखठोक बोललात, तर मीही आडवळण घेत नाही. हरीण उठतं. तुम्ही बसता तिथे येत नाही, एवढंच.

पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या सरकारी जंगलांतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना जीपीएसचे पट्टे बांधून त्यांची चाल वाऱ्याशी ताडून पाहिली. दिवसा वाऱ्यात ती कमी झाली नव्हती, उलट थोडी वाढलेली निघाली. रात्री मात्र वारा असला की कमी. ‘पट्ट्याच्या आकड्यांनी फ्रीझर भरत नाही’ हा तुमचा टोमणा मला मनापासून आवडला, कारण तो अर्धा खरा आहे. हरीण किती चाललं ते पट्टा सांगतो. आडोशाने चाललं की उघड्यावरून, हे मचाणावरून दिसत नाही आणि पट्ट्याच्या बेरजेतही येत नाही. तुम्ही मक्याच्या शेताच्या कडेला बसता, कड रिकामी राहते, आणि आपण म्हणतो हरणं बसून आहेत.

आता आपल्या मध्य पेन्सिल्व्हेनियातल्या डोंगररांगा डोळ्यांसमोर आणा. नैऋत्येकडून ईशान्येकडे, एकामागे एक, लांबच लांब. थंडीची लाट आली की वारा वायव्येकडून येतो, म्हणजे रांगेवर बरोबर आडवा. मग आग्नेयेचा उतार आडोशाला पडतो आणि सकाळचं ऊनही त्यालाच मिळतं. तिथे माथ्यापासून थोडं खाली नर पाठ वाऱ्याला देऊन बसतो. मागून कोणी आलं तर वास सांगतो, खालून आलं तर डोळे. ओक आणि बीचची वाळकी पानं हिवाळाभर फांदीला खडखडत असतात, त्या गोंगाटात कान फारसे कामाचे नाहीत, म्हणून नाक आणि नजर दोन्ही कामाला लावणारी जागा तो धरतो. दरीतून सरळ वर चढलात तर त्याने तुम्हाला कधीच पाहिलेलं असतं. उताराला समांतर, वारा एका कानावर घेत जायचं. झुळूक आली की दोन पावलं, पडली की थांबायचं. पाचोळ्याचा आवाज एरवी आपला वैरी, त्या दिवशी तोच आपली पावलं झाकतो.

वारा नेमका कुठे वळतोय हे पाहायला इथले जुने शिकारी मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवतात. लहानपणी रुईची म्हातारी उडवली असेल, तर तिचीच ही बहीण. एक सोडा आणि बघत राहा. माथ्यावर सरळ जाते आणि आडोशाला उतरली की गोल फिरून तुमच्याच मागे येते. असं दिसलं की ती जागा सोडायची.

एक गोष्ट मात्र मान्य. नोव्हेंबरातला वारा बहुधा थंडी घेऊन येतो, आणि महिन्याच्या मध्यावर नरांचा माजही ऐन भरात असतो, तेव्हा चाल वाढली ती वाऱ्यानेच, असं छातीठोक म्हणता येत नाही. ताडोबाच्या जंगलात वारा सुटला की सांबर बसून राहतं, हे तुमचं उदाहरणही त्याच कारणाने लंगडं आहे. मे महिन्यात तिथे दुपारी झळा वाहतात तेव्हा सांबर सावलीत बसतं ते वाऱ्यामुळे की उन्हामुळे, कसं ठरवणार?

इथे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम २०१९ पासून थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो. नोकरदार माणसाला मोजके दिवस मिळतात. त्यातला वाऱ्याचा दिवस घरी बसून काढा, असं मी कोणालाही सांगणार नाही. ते वाक्य लेखात राहील. त्याच्या खालचंही राहील, जे तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय: जोराच्या वाऱ्यात मचाणावर चढू नका. किडीने मेलेली अ‍ॅशची झाडं इथे जागोजागी उभी आहेत आणि त्यांच्या फांद्या पडताना आवाज देत नाहीत. जमिनीवर राहा, आणि बसण्याआधी एकदा वर बघा.