न्यूझीलंडने जीडीपी मोडीत काढलेला नाही

‘न्यूझीलंडने जीडीपी मोजणं बंद केलं, आता तिथलं बजेट लोकांच्या आनंदावर ठरतं, आणि असं करणारा तो जगातला पहिला देश’ असा मजकूर फिरतोय. (जीडीपी म्हणजे देशात ठरावीक काळात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं एकूण मूल्य.) यात खरं थोडं आहे, बाकी फोडणी.

३० मे २०१९ रोजी अर्थमंत्री ग्रँट रॉबर्टसन यांनी ‘वेलबीइंग बजेट’, म्हणजे लोकांच्या भल्याचं बजेट, मांडलं, हे खरं. नुसता जीडीपी वाढला म्हणजे लोकांचं बरं चाललंय असं नाही, हा त्यामागचा विचार. मानसिक आरोग्य, बालकल्याण यांसारखे पाच अग्रक्रम ठरले. पैसे मागणाऱ्या खात्याला लोकांच्या जगण्यात त्याने काय फरक पडेल, हे सांगावं लागलं. मानसिक आरोग्यासाठी पाच वर्षांत १.९ अब्ज न्यूझीलंड डॉलर ठेवले. त्यात एक शहाणपणाची सोय होती: ज्यांचा त्रास सौम्य किंवा मध्यम आहे, त्यांना नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच प्रशिक्षित माणूस भेटावा. आनंद बिनंद मोजण्यापेक्षा हे कितीतरी ठोस.

जीडीपीचं म्हणाल, तर आकडे दर तिमाहीला येतच राहिले. उलट याच सरकारने निव्वळ कर्ज जीडीपीच्या २० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं बंधन स्वतःवर घालून घेतलं होतं. मोजायचंच नसतं, तर हे २० टक्के कशाचे?

‘पहिला देश’ म्हणायचं तर भूतान विसरून कसं चालेल? तिथल्या २००८ च्या संविधानातच सकल राष्ट्रीय आनंदाचा, म्हणजे देशातल्या लोकांच्या एकूण सुखासमाधानाचा, उल्लेख आहे. आणि जीडीपी भूतानही मोजतो.