चोवीस तासांची बाई: ठेवणाऱ्यांसाठी काही सूचना

आई-बाबा थकलेत. तुम्ही न्यू जर्सीत आहात किंवा हिंजवडीत. संध्याकाळी कोथरूडला पोचायला दोन्हीकडून सारखाच वेळ लागतो, तेव्हा या सूचना दोघांनाही लागू आहेत.

पैसे कोणी द्यायचे यावरून भावंडांत विषय निघणारच. अशा वेळी कायद्याचा आधार घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. मुलं बघत नसतील तर आई-बाप न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात, आणि निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा आहे महिना १०,००० रुपये. पुण्यात एवढ्यात चोवीस तासांची बाई मिळत नाही, हा दोष बाईचा. कायदा २००७ चा आहे तर तिनं २००७ च्या भावात यायला काय हरकत आहे?

सरकारनं आपल्या परीनं पुष्कळ केलंय. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. फक्त त्यासाठी दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागतं. आपले बाबा मात्र हट्टानं घरीच आजारी राहतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनसुद्धा आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. बाथरूममध्ये पाय घसरायचा असेल तर तो त्याच वेळात घसरावा, एवढं बाबांना समजावून ठेवा.

आता ब्युरो. ब्युरोवाले आधी डिपॉझिट मागतील, मग 'ट्रेन्ड बाई पाठवतो' म्हणतील. ट्रेन्ड म्हणजे जिला गुलाबी ॲप्रन दिलेला असतो. तिचं शिक्षण बहुधा सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात झालेलं असतं आणि खरं सांगायचं तर ते बऱ्यापैकी पक्कं असतं, पण ते मान्य करू नका, दर वाढतो. आडनाव थेट विचारणं बरं दिसत नाही. 'गाव कुठलं?' पासून सुरुवात करावी आणि हळूहळू हव्या त्या ठिकाणी पोचावं. भांडी, केर-लादी आणि बाबांच्या शर्टांची इस्त्री हे पहिल्या दिवशी बोलू नये. तिसऱ्या दिवशी 'जाता जाता तेवढं बघा' म्हणावं.

बाई आली की कॅमेरा लावा. आईला पक्षाघात होऊन वर्ष झालंय, ती कुशीवरसुद्धा स्वतः वळू शकत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग सोलवटते आणि मग जखम आत आत उतरत जाते. म्हणजे रात्री दहाला डावी कूस, बाराला पाठ, दोनला उजवी, चारला पुन्हा डावी. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी घातलेला टॉवेल. आईला धरून ओढायचं नाही, कातडी घासते. खालची आडवी चादर दोन्ही मुठींत धरून, एक गुडघा पलंगावर रोवून आईला उचलल्यासारखं करून सरकवायचं. मग डायपर कोरडा आहे का बघायचं, ओला असेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. यातलं काहीही तुम्हाला येत नाही, म्हणून तर कॅमेरा.

रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी बाई खुर्चीत पेंगताना दिसली की लगेच स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाका. न्यू जर्सीत तेव्हा दुपार कलत असते, माणूस ताजातवाना असतो, शब्द चांगले सुचतात. 'एवढे पैसे मोजून हे असं!' या ओळीला कमीत कमी तीन अंगठे येतात. मग ती झोपते कधी, असं एखादी वहिनी विचारेल. 'चोवीस तासांची आहे ना?' एवढंच लिहा, वहिनी पुन्हा विचारणार नाही. दोनला कूस बदलल्याचं रेकॉर्डिंगही त्याच कॅमेऱ्यात असतं, पण तेवढं मागे जाऊन बघायला वेळ कुणाला आहे?

बाई सारखी मोबाइलवर असते, ही तक्रार घरोघरी असते, तुम्हीही करा. गावाकडे दहावीत असलेल्या मुलीला ती रोज रात्री फोनवर जेवलीस का, अभ्यास केलास का विचारते, असं ती सांगेल. तुम्हीही आईला विचारताच की, रविवारी, व्हिडिओ कॉलवर.

चहाचा कप वेगळा ठेवा. याच हातांनी तिनं सकाळी आईला मेतकूट-भात भरवला हे खरं, पण तो तिच्या कामाचा भाग झाला. आणि आई बाईला तुमच्या नावानं हाक मारायला लागली तर दचकू नका. याला विसरभोळेपणा म्हणतात, न्यूरॉलॉजिस्ट गोळी देतात.

सुट्टीचं आधीच ठरवून घ्या. महिन्यातून दोन, त्याही बदली बाई मिळाली तर. गावाकडे तिची आई पडली म्हणून ती निघाली, तर ब्युरोला खडसावा, 'आमच्या आईकडे कोण बघणार?' हे फोनवर मोठ्यानं म्हणा, तिला ऐकू जाईल असं. तिच्या आईकडे कोण बघतं हे विचारायच्या फंदात पडू नका. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ सालीच झालाय, ही माहितीही तिला तुमच्याकडूनच कळायला हवी असं काही नाही.

राहता राहिला पगार. महिना ३१ दिवसांचा असला तरी पगार ३० दिवसांचाच द्यायचा, पद्धतच आहे तशी. फेब्रुवारीत मात्र दिवस मोजून हिशोब करावा.